केसभर चढा पंचम

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका नगरात एक वयोवृद्ध गवई राहत. लोक त्यांना बुवा म्हणत. बुवांच्या शिष्यांमध्ये एक शिष्या होती, आणि तिच्यासारखा कान त्या मुलखात दुसऱ्या कुणाचा नव्हता. स्वर केसभर सरकला की कानाला जो बारीक फरक कळतो, त्याला श्रुती म्हणतात. इतरांना तो समजावून सांगावा लागे, हिला तो नुसता ऐकू येई. म्हणून तंबोरा लावायचं काम तिच्याकडे होतं. त्या घराण्यात तंबोरा लावणाऱ्यालाच पुढे गुरूची गादी मिळत असे.

वय झालं तसा बुवांचा कान दगा देऊ लागला. एका सकाळी तंबोरा छान जुळलेला असताना ते म्हणाले, "पंचम उतरलाय. चढव जरा."

शिष्येने पुन्हा पंचमाची, म्हणजे 'प'ची तार छेडली. पंचम जागच्या जागी होता. पण तसं म्हणणं म्हणजे तुमचा कान गेला, असं गुरूला तोंडावर सांगणं. एवढी छाती कुणाची? आणि गादी डोळ्यांसमोर असताना तर कुणाचीच नाही. तिने तारेतला मणी तिळभर सरकवला आणि पंचम चढवला. बुवा खूश झाले. बाकीचे शिष्यही माना डोलवू लागले. त्यांचं काय, डोलवायला मान होती.

पुढे दर वर्ष-दीड वर्षाने बुवा पंचम केसभर आणखी चढवायला सांगत आणि ती चढवी. खरा पंचम मला ठाऊक आहे, गादीवर बसले की पहिल्याच दिवशी दुरुस्त करीन, असं ती स्वतःला समजावी. या समजुतीवर तिने अकरा वर्षं काढली.

बुवा थकले आणि गादी तिला मिळाली. पहिल्याच सकाळी तिने दार लावून तंबोरा मांडीवर घेतला. पंचम उतरवला, तर बेसूर वाटला. दुपारपर्यंत ती मणी खालीवर करत राहिली आणि शेवटी कानाला गोड लागला तिथे थांबली. तो चढाच होता, पण तिला ते कळलं नाही.

त्याच आठवड्यात राजवाड्यात तिचं गाणं ठरलं. तंबोरा छेडताच परगावचे गवई एकमेकांकडे पाहू लागले. तंबोरे बनवणारा एक कारागीर पुढे आला, हळूच म्हणाला, "बाई, पंचम चढलाय," आणि त्याने तो उतरवला. सगळी सभा सुखावली. एकट्या तिलाच तो पंचम खोटा लागत होता.

न गाताच ती उठली आणि थेट बुवांकडे गेली. रडत रडत तिने सगळं सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी त्या सकाळी पंचम बरोबर होता, मला कळत होतं, मी बोलले नाही.

बुवा म्हणाले, "बोलली असतीस तर मी रागावलो असतो. गादी कदाचित दिलीही नसती. पण या घरात एक तरी कान शाबूत राहिला असता. माझा म्हातारपणाने नेला. तुझा तू आपल्या हाताने घालवलास."

तिने पुन्हा तंबोरा मांडीवर घेतला, पण खरा पंचम कुठे ते सांगणारा कान आता त्या घरात उरला नव्हता. त्या घराण्याचे शिष्य आजही तोच चढा पंचम लावतात आणि ही आमची खासियत, असं छाती फुगवून सांगतात.

तात्पर्य: खरं मनात जपू आणि तोंडाने खोट्याला हो म्हणू, असं फार दिवस चालत नाही, हळूहळू मनातलंही खोटं होऊन बसतं, आणि ते आपल्याला कळतसुद्धा नाही.