शिंप्याची जीप

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात दोन भाऊ राहत होते. थोरला रंगनाथ जीप चालवायचा. धाकटा भानुदास कपडे शिवायचा. जुन्या घाटाच्या वरच्या वाड्यांवर एसटी जात नसे. तिथली माणसे रंगनाथच्या जीपने बाजाराला येत आणि बाजार आटोपला की तिच्यातूनच परत जात. कोंबड्या, पोती, नव्या नवऱ्या, आजारी म्हातारे, सगळे त्या जीपमधून घाट चढले होते.

जीप जुनी होती. तिचे इंजिन खोकल्यासारखा आवाज करी. टक टक टक, मग एक खर्र, मग पुन्हा टक टक. घाटाच्या मधल्या वळणावर एक झरा होता. तिथवर ती तापायची. रंगनाथ खाली उतरून तिच्यात पाणी घालायचा आणि उतारूंना म्हणायचा, "म्हातारीला तहान लागली." पाणी मिळाले की म्हातारी पुन्हा चढू लागे. ती कधी वेळेवर पोहोचली नाही, पण तिने कुणाला वाटेत टाकलेही नाही.

त्या घाटात कारवीचे रान होते. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. ती फुलली की सगळा उतार जांभळा होतो आणि वाऱ्याला मधाचा वास येतो. रंगनाथने लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून ते एकदा पाहिले होते. पुढे जीप चालवतानाही कारवी फुलली. पण गाडीत कुणाला दवाखाना गाठायचा असे, कुणाला पुढची एसटी. रस्त्यावरची नजर काढता येत नसे. "पुढच्या वेळी गाडी थांबवून बघू," असे तो म्हणायचा. पुढची वेळ सात वर्षांनी यायची.

एके दिवशी बाजूने आलेली सायकल रंगनाथला दिसलीच नाही. सायकलवाला थोडक्यात वाचला. रंगनाथने जीप घरामागे नेऊन लावली आणि किल्ली भावाच्या हातात दिली. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलेलीही हळूहळू जाणार होती.

"बघायचं ते बघून घ्या," डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर भानुदासने विचारले, "दादा, काय बघायचंय तुला? मुंबई? समुद्र?"

"समुद्र काय पळून जातोय?" रंगनाथ हसला. "यंदा कारवी फुलणार आहे. तेवढी दाखव. आपल्या जीपनं जाऊ. तू चालव. मलाही जन्मात एकदा उतारू होऊ दे."

"दाखवतो. शब्द दिला."

तेव्हा चैत्र होता. कारवी पावसाळ्याच्या शेवटी फुलायची. हाताशी भरपूर वेळ होता, आणि त्या भरपूर वेळानेच घात केला.

भानुदासला वाटले, ज्याने जन्मभर या गाडीला पाणी पाजले, त्याला पुन्हा तिच्या खोकल्यातून का न्यायचे? दादाला राजासारखे नेले पाहिजे. तो गफूरभाई भंगारवाल्याकडे गेला. तिथे एका उलटलेल्या मोठ्या गाडीचे इंजिन पडले होते. भानुदासने गळ्यातली टेप काढली. इंजिनाची लांबी, रुंदी, उंची घेतली. घरी येऊन जीपच्या बॉनेटखाली टेप लावली. माप बरोबर बसत होते, म्हणून तो परत भंगाराच्या दुकानात गेला.

"मास्तर, हा ब्लाऊज नाही," गफूरभाई म्हणाला. "आत मावलं म्हणजे चाललं असं नसतं."

"माप बसलं की बाकीचं टाचून घेता येतं, गफूरभाई. आयुष्यभर तेच केलंय."

"टाचा. माझं दुकान उघडंच आहे."

गफूरभाईने म्हातारीचे जुने इंजिन वजनावर विकत घेतले. भानुदासने दुकानाच्या छपरासाठी पैसे साठवले होते. तेवढ्यात सगळे भागेल असा त्याचा अंदाज होता.

नवे इंजिन आत मावले, पण बॉनेट लागेना. पत्रा कापावा लागला. मग पंखा रेडिएटरला घासू लागला, म्हणून मोठा रेडिएटर आणला. नव्या इंजिनाला जुना गिअरबॉक्स जुळेना, म्हणून तोही बदलला. एवढ्या वजनाने जीपचे नाक खाली गेले, म्हणून पुढचे स्प्रिंगचे पाटे बदलले. शिवणकामात बाही उसवली तर बाहीच शिवायची असते. इथे बाही शिवली की गळा फाटत होता. छपराचे पैसे केव्हाच संपले होते. भानुदासने आधी पिको-फॉलचे मशीन विकले, मग शिवणाचे. पावसाळ्यात दुकान गळू लागले. खाली ठेवायला भांडे होते, पण भिजायला नवे कापड येत नव्हते.

गावातली माणसे येता-जाता टोमणे मारत. एक बाई म्हणाली, "मास्तर, ज्या मुलीच्या लग्नाला पोलकं शिवायला टाकलं, तिला दिवस गेले. आता थोडं सैलच शिवा."

भानुदास हसला आणि पुन्हा जीपखाली शिरला.

रंगनाथची बायको यमुना फार बोलत नसे. एकदा चहा द्यायला आली तेव्हा तिने विचारले, "भावजी, ही गाडी ह्यांच्यासाठी चाललीय की तुमच्यासाठी?"

"दादासाठीच की, वहिनी."

"मग त्यांना विचारत जा अधूनमधून," ती म्हणाली आणि कप ठेवून गेली.

गणपती आले आणि गेले. रंगनाथची जीप बंद झाल्यापासून घाटात एकच गाडी चढत होती, हैबतीचा दुधाचा टेम्पो. एका सकाळी हैबती दारात थांबला. "दादा, कारवी उमलायला लागली. अर्धा डोंगर जांभळा झालाय."

रंगनाथला आता शर्टाच्या काजातून बघावे तेवढेच दिसत होते. तो भिंतीला हात लावत घरामागे गेला. भानुदास जीपखाली होता. त्याचे फक्त पाय बाहेर होते.

"भान्या, हैबतीच्या टेम्पोत पुढं जागा आहे. उद्या जाऊन येऊ."

"किटल्यांशेजारी बसून? दादा, तू काय दूध आहेस?"

दोघेही हसले. मग रंगनाथ म्हणाला, "फुलं किटलीशेजारून पण दिसतात रे."

भानुदास बाहेर आला. त्याचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. सुईच्या खुणांच्या जागी आता लोखंडाच्या जखमा होत्या. "आता फक्त ब्रेक राहिलेत. आठ दिवस थांब. आता टेम्पोनं गेलो तर एवढं केलं ते कशासाठी?"

रंगनाथने डोके हलवत हलवत भावाचा हात आपल्या छोट्याशा नजरेत आणला. तो त्या जखमांकडे थोडा वेळ बघत राहिला. "बरं. तू म्हणशील तसं," तो म्हणाला.

परत जाताना तो दाराच्या चौकटीला धडकला. भानुदासने ते पाहिले. पण त्याने हातातला पाना खाली ठेवला नाही.

"मी नेते तुम्हाला हैबतीबरोबर," यमुना म्हणाली.

"नको. त्यानं मशीन विकलंय माझ्यासाठी. गाडी तयार व्हायच्या आधी जाऊन आलो तर त्याला लागेल."

आठ दिवसांचे पंधरा दिवस झाले. ब्रेकचा एक भाग चुकीचा आला, तो परत पाठवावा लागला. डोंगर पुरा फुलला. हैबतीला राहवेना. त्याने येताना कारवीची एक फुललेली फांदी आणली आणि रंगनाथच्या हातात दिली. रंगनाथने ती डोळ्यांजवळ धरली, इकडे सरकवली, तिकडे सरकवली.

"जांभळं आहे," तो म्हणाला. "एक फूल दिसतंय. डोंगर मावत नाही रे माझ्या डोळ्यात."

ती फांदी यमुनेने तांब्यात ठेवली. चार दिवसांत फुले गळून खाली पडली.

जीप तयार झाली तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. भानुदासने तिला झेंडूचा हार घातला, दारात आणली आणि हॉर्न वाजवला. रंगनाथ यमुनेच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर आला. आता त्याला उजेड आणि अंधार एवढेच कळत होते. नवे इंजिन जाड, एकसारख्या आवाजात चालू होते. कुठे टक नाही, कुठे खर्र नाही.

रंगनाथ पायरीवरच थांबला. "कुणाची गाडी आलीय?"

"आपलीच, दादा."

"आपली?"

तो पुढे आला. त्याने दार चाचपले, मागचा जुना पोचा चाचपला. "पत्रा आपला आहे," तो म्हणाला आणि आत बसला.

जीप एका दमात घाट चढली. कुठेही तापली नाही, कुठेही थांबली नाही.

"झरा आला का?" रंगनाथने विचारले.

"मागं गेला, दादा."

वर पोहोचल्यावर भानुदासने गाडी उभी केली. दोन्ही बाजूंना वाळलेल्या काड्या उभ्या होत्या. वाऱ्याला धुळीचा वास होता. रंगनाथने नाक वर करून तो घेतला. त्याला विचारायची गरज पडली नाही.  मग त्याने सीटवर थोपटले.

"चढली मात्र छान हं," तो म्हणाला.

त्यानंतर जीप घरामागेच उभी राहिली. वाड्यांवरच्या माणसांना हैबतीच्या टेम्पोची सवय झाली होती. भानुदास बाजारपेठेतल्या दुसऱ्या शिंप्याच्या दुकानात, दुसऱ्याच्या मशीनवर बसू लागला.

मग गावची जत्रा आली. भानुदास भावाचा हात धरून त्याला जत्रेत घेऊन गेला. पिपाण्या वाजत होत्या, भजी तळत होती, मोठा पाळणा फिरत होता. चालता चालता रंगनाथ एकाएकी थांबला.

"ऐक."

"काय दादा?"

रंगनाथने हात सोडवून घेतला. तो गर्दीत एकटाच शिरला. फुगेवाल्याला धडकला, एका बाईच्या पिशवीवर पाय पडला, पण थांबला नाही. भानुदास मागे धावला. रंगनाथ पाळण्याच्या मागच्या अंगाला जाऊन उभा राहिला होता. तिथे लाकडी चौकटीवर एक इंजिन बसवले होते. त्यावरून एक पट्टा पाळण्याकडे गेला होता. टक टक टक, खर्र, टक टक.

"ओ बाबा, मागं व्हा! पट्ट्यात हात जाईल!" पाळणेवाला ओरडला.

"हिचं काय कुठं आहे ते मला ठाऊक आहे," रंगनाथ म्हणाला. त्याने हात पुढे करून बरोबर पट्ट्याच्या अलीकडे ठेवला. "तापते का?"

"दुपारची तापते. पाणी घातलं की चालते. गफूरभाई भंगारवाल्याकडून घेतली. सगळे पाळणे भरले तरी कुरकुर नाही तिची."

रंगनाथ बराच वेळ इंजिनावर हात ठेवून उभा होता. मग त्याने मान वर केली.

"भान्या, वर किती माणसं आहेत रे?"

भानुदासने वर पाहिले. सगळे पाळणे भरले होते. लहान मुले ओरडत होती, बायका पदर सावरत होत्या. "पुष्कळ आहेत, दादा."

"एवढी सगळी उचलते." रंगनाथचा आवाज साधा होता. "मला एकट्याला नेलं असतं रे तिनं."

त्यात टोमणा नव्हता. 

हे बोलणे पाळणेवाल्याच्या कानावर पडले होते. पुढची फेरी भरताना त्याने दोघांना एका पाळण्यात बसवले आणि पैसे घेतले नाहीत. पाळणा वर गेला आणि क्षणभर थांबला. खालचा कल्ला कमी झाला. वारा लागला.

"इथून घाट दिसतो का?" रंगनाथने विचारले.

"दिसतो."

"कसा आहे?"

भानुदासच्या ओठांवर खोटे आले होते. जांभळा आहे, असे म्हणायला एक श्वास पुरला असता. पण त्याला ते म्हणवेना. "वाळलाय, दादा. आता सात वर्षांनी फुलेल."

रंगनाथने चाचपडत त्याचा हात शोधला. जखमा भरून त्या हाताला घट्टे पडले होते.

"तेव्हा तू बघ," तो म्हणाला. "गाडी थांबवून बघ."

खाली म्हातारी एकदा खोकली आणि पाळणा उतरू लागला.

तात्पर्य: ज्याच्यासाठी काम हाती घेतले, त्याची वेळ टळेपर्यंत ते काम सजवत बसू नये. वेळेत पोहोचवणारी खोकणारी गाडी ही उशिरा तयार झालेल्या राजेशाही गाडीहून मोलाची असते. कारण वाया गेलेला पैसा पुन्हा मिळवता येतो, वाट पाहणाऱ्याचे दिवस मिळवता येत नाहीत.