कोरडं घंगाळ

“...पण कान एकाग्र झाला म्हणजे मन एकाग्र झालंच ना, बुवा?”

सोमगीर बुवा दिव्यासाठी वाती वळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

त्र्यंबक पोतदार उत्तराची वाट बघत बसला. वाट बघायची आता त्याला सवय झाली होती. बाजारपेठेतली नाणी पारखायची पिढीजात पेढी धाकट्या भावाच्या गळ्यात मारून तो मठात आला, तेव्हापासून तो मंत्र मागत होता आणि बुवा वाटाण्याच्या अक्षता लावत होते.

मठ साधा. समाधीपुढे एक मोठं पितळी घंगाळ, त्यात काठोकाठ पाणी. येणाऱ्यानं त्या पाण्यात नाणं सोडायचं, ही मूळ पुरुषापासूनची रीत. का, ते कुणी विचारलं नव्हतं. त्र्यंबकच्या मते, नाणी धुतली जावीत म्हणून. पोतदाराला दुसरं काय सुचणार?

रोज संध्याकाळी ती नाणी निवडणं हे त्याचं काम. अलीकडे रुपये गिलटाचे निघू लागले होते, पण जुने चांदीचे अजून लोकांच्या खिशात इतर चिल्लरीबरोबर फिरत होते. पुष्कळांना तर आपल्याजवळ चांदी आहे याचा पत्ताही नसे. तो रुपया सराफाकडे वजनावर जाई आणि त्यावर मठाचं तेलमीठ चाले.

आज मात्र त्र्यंबकनं कमाल केली होती. सकाळीच त्यानं पाणी उपसून टाकलं, घंगाळ पुसून कोरडं केलं आणि तळाशी पेढीवरचा, नाणी वाजवून बघायचा काळा दगड बसवला. मग डोळे मिटून, माळ हातात घेऊन तो दिवसभर शेजारी बसला. नाणं पडलं की ओळखायचं. गिलट टक् करून गप्प होतं. चांदी गाते, आणि थोडा वेळ गातच राहते.

गाव बघायला लोटलं. लोक तोंडात बोटं घालून गेले.

फक्त बुवा एक शब्द बोलले नाहीत. तेच त्र्यंबकला सलत होतं. ‘कान चांगला आहे तुझा,’ एवढं त्यांनी म्हणायला हवं होतं. पेढीवर हजारांनी म्हटलेलं त्याच्या लेखी आता मातीमोल होतं.

“आज चांदीचे किती?” बुवांनी एकदाचं विचारलं.

“चार.”

“बघ.”

त्र्यंबकनं घंगाळ पालथं केलं. पैसे, आणे, रुपये पसरले. एकेक उचलून त्यानं कड बघितली, बोटावर तोललं, दगडावर टाकलं. चांदीचे बरोबर चार निघाले. ते त्यानं बुवांपुढे ओळीनं मांडले आणि मान ताठ करून बसला.

बुवांनी त्या चार रुपयांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ढिगातल्या एका चिंधीच्या गाठीकडे बोट दाखवलं.

“हे?”

“नवसाचं असेल,” त्र्यंबक म्हणाला. आजारी माणसाच्या कपड्याची चिंधी फाडून तिच्यात नाणं बांधून टाकायचं, हीही इथली रीतच. ही चिंधी फुलाफुलांची, लहान झबल्याची होती. “मघाशी ती बाई आली होती, तिचं. घंगाळापाशी किती वेळ उभी, बुवा! नुसते हुंदके. तेवढ्यात दुसऱ्या कुणाचंसं नाणं पडलं आणि मला नीट ऐकूच येईना. शेवटी म्हटलं, बाई, जरा पलीकडे जाऊन रडा.”

“गेली?”

“गेली की. बाहेर पायरीवर बसलीय.”

बुवांनी हातातली वात खाली ठेवली.

“गाठीतलं नाणं कशाचं?”

“चिंधीत आवाज कुठला येणार? सोडू का?”

“सोडू नकोस. तसंच सांग.”

हा तर डाव्या हाताचा मळ! त्र्यंबकनं गाठ तळहातावर घेतली आणि डोळे मिटले. वजन तोललं. अंगठ्यानं दाबून कड चाचपली. चांदी हाताची ऊब लवकर घेते, म्हणून मूठ मिटून थोडा थांबला...

त्याच्या कपाळाला आठी पडली.

“काय झालं?”

“ओली आहे, बुवा.”

“बाकीची नाणी?”

“कोरडी आहेत.”

“घंगाळ?”

“तेही कोरडंच. सकाळी मीच तर...”

त्यानं मूठ उघडून गाठीकडे पाहिलं.

बाहेर पायरीवर कुणीतरी हुंदका आवरत होतं. तो आवाज मघापासून येत होता. नाणी निवडतानाही येत होता.

त्र्यंबकला लाज वाटली. साधी, सरळ लाज. कान तापले त्याचे.

त्यानं गाठ न सोडता हलकेच समाधीपुढे ठेवली. आत चांदी आहे की गिलट, हे त्याला कळलेलं नव्हतं, आणि आता कळून घ्यावंसंही वाटेना. तो उठला.

बुवांनी घंगाळ सरळ केलं. काळा दगड उचलून भिंतीशी ठेवला. मग कळशी जवळ ओढली आणि पाणी ओतायला लागले.

दारापर्यंत जाऊन त्र्यंबक अडखळला. पेढीवर त्यानं कुणाच्याही नाण्याला बेधडक खोटं ठरवलं होतं, पण आता तो मागे वळला.

“बुवा... तिला काय सांगू?”

पाणी काठाला आलं. बुवांनी कळशी खाली ठेवली.

“सांगायचं काही नाही,” ते म्हणाले. “कान चांगला आहे तुझा. जा.”