माफी मागणारं यंत्र

भुजंगराव राजाची अचानक पाहणी कधीच अचानक होत नसे. घोडं ज्या गावाकडे वळेल, तिथे खड्डे बुजवलेले, वेशीवर तोरण आणि पाटील आरतीचं ताट घेऊन हजर! पाचव्यांदा ओवाळून घेताना राजाचा पारा चढला.

गावाचं नाव तो जिवलगालाही सांगत नसे. सकाळी उठून दरबारच्या संगणकात लिहायचा, बस्स. त्या यंत्राच्या पोटात लाखभर खोल्या होत्या. खिडकीवर जाऊन खोलीचा आकडा सांगितला की आतला कागद मिळे; रयत आपले अर्ज तसेच परत घेई. आणि कुणाला काही हुडकता येऊ नये म्हणून यंत्र रोज पहाटे सगळं सामान नव्या खोल्यांत सरकवी. राजाचं गुपित आज कुठे आहे, हे प्रधान अनंतपंतांनाही ठाऊक नसे.

"यंत्र मुकं आहे, महाराज," पंत म्हणाले. "फितूर माणूसच असणार." आणि त्यांनी यंत्रशाळा झाडणाऱ्या म्हाताऱ्या सखोबाकडे बोट दाखवलं. राजाने लगेच त्याला हद्दपार करायचा हुकूम दिला.

सखोबाची लेक सगुणा बाहेर फुटाणे विकत होती. हुकूम तिच्या कानावर पडला. पाटी तिथेच टाकून ती आत शिरली.

"सरकार, माझ्या बानं काय बी केलं न्हाई. बोलतंय ते यंत्रच."

"असं?" राजा हट्टाला पेटला. "मग त्याच्याच तोंडून वदवून दाखव. दिवस मावळेपर्यंत जमलं नाही, तर तूही बापाबरोबर चालू लाग."

"मावळायला कशाला पायजे? एक कोरा अर्ज द्या."

नाव न लिहिताच तिने अर्ज खिडकीत सारला. यंत्र घरघरलं आणि चिठ्ठी बाहेर आली: 'क्षमस्व. नाव नाही. खोली ५२३१० मध्ये अडखळलो.'

"आता पंत, खोली ५२३५० मधला कागद मागा."

पंतांनी नाक मुरडत मागितला. राजाने वाचला आणि बघतच राहिला. सकाळी त्याने लिहिलेलं गावाचं नाव त्यावर होतं.

"तुला कसं कळलं, पोरी?"

"लोक ह्या चिठ्ठ्या फेकून देत्यात, मी त्यात फुटाणे बांधते. पाटील लोक पुडी उलगडून पुटपुटायचे, 'मिळवा चाळीस,' आन् खिडकीकडं पळायचे. मला वाटलं, काही तरी जुगार असंल. आज बाचं नाव निघालं तवा उमगलं. सामान रोज हलतं, पर सगळं एकदम सरकतं. यंत्र अडखळतं ती खोली आन् सरकारांच्या गुपिताची खोली, ह्यांच्यातलं अंतर तेच राहतंय, चाळीस."

"मग करायचं काय?"

"यंत्रानं माफी मागावी, पर कुठं अडखळलो ते सांगू नये. 'चुकलं, पुन्हा भरा,' इतकंच. आकडा पंतांच्या कुलपातल्या वहीत जाऊ दे. सामान हलवताना एकेक गाठोडं निराळीकडं टाकावं. आन् ज्याचा अर्ज, त्यालाच कागद द्यावा."

राजाने सखोबाला तिथल्या तिथे सोडलं. "तुला काय हवं ते माग."

"ह्या खिडकीवर रोज चुकीचे अर्ज भरायची नोकरी द्या."

"चुका करायला पगार?" पंत उसळले.

"फुकट चुका करणारे दरबारात लई हायती, पंत. चुकल्यावर यंत्र काय बोलतं, ते वाचणारं कुणी न्हाई."

राजा इतका हसला की त्याचा फेटा सुटला. हातातलं सोन्याचं कडं त्याने सगुणाला दिलं आणि पंतांना तिच्या नेमणुकीचा हुकूम लिहायला बसवलं.