पालथ्या घड्याची खूण

फार जुन्या काळी डोंगरांच्या कुशीत एक राज्य होतं. चारी दिशांचे रस्ते तिथे एकत्र येत, त्यामुळे परमुलखाच्या माणसांची सदा वर्दळ असे. व्यापारी, यात्रेकरू, धनगर, खेळ करणारे. प्रत्येकाची बोली निराळी.

त्या राज्याची शान म्हणजे तिथली चित्रशाळा. तिची प्रमुख होती पद्मला नावाची बाई. तिच्या हाताखाली रेषा घोटणारे, रंग कालवणारे, अक्षरं वळवणारे असे कितीतरी कलावंत होते. पद्मलाने काढलेला नाग तर असा हुबेहूब, की पाहणारा दचकून मागे सरे. तिला त्या नागाचा अभिमान होता, आणि तो रास्तच होता.

एका वर्षी राजाने दरबारातली मोठी भिंत चित्रशाळेकडे सोपवली. "दसऱ्याला शेजारचे राजे येतील. आपल्या विजयाचं चित्र तोवर पुरं झालं पाहिजे," असं सांगून तो सरहद्दीच्या दौऱ्यावर निघून गेला.

भिंत निम्मी रंगली आणि डोंगरात धरणीकंप झाला. घरं वाचली, पण काही विहिरींचं पाणी बिघडलं. दिसायला नितळ, चवीला गोड. पण प्यायलं की माणूस अंथरूण धरी. काही त्यातून उठलेच नाहीत. विहिरी बुजवाव्यात, तर पिकं त्याच पाण्यावर जगत होती. पिकांना त्या पाण्याचा काही त्रास नव्हता. राजवैद्याने वाईट विहिरी शोधून काढल्या आणि प्रधानाने त्यांच्या काठावर शिळा बसवल्या. शिळांवर कोरलं होतं, 'हे पाणी पिऊ नये.'

गावकऱ्यांना एकमेकांकडून कळलं. पण परक्या वाटसरूला ती अक्षरं कशी कळणार? चित्रशाळेच्या दारावरून आजारी माणसांच्या डोल्या जातच राहिल्या. त्या पाहून पद्मलाने कुंचला खाली ठेवला.

"भिंतीचं काम राहू दे," ती आपल्या माणसांना म्हणाली. "आधी विहिरी रंगवू."

वेशीजवळच्या वाईट विहिरीवर तिने स्वतःच्या हाताने नाग काढला. फणा उभारलेला, डोळे जळते. हा पाहून कोण पाणी पिईल, असं तिला वाटलं.

दुसऱ्या सकाळी ती पाहायला गेली, तर नागापुढे हळदकुंकू होतं, लाह्या होत्या, दुधाची वाटी होती. यात्रेला निघालेली माणसं हात जोडत होती आणि ओंजळीने तेच पाणी पीत होती. तिने धावत जाऊन अडवलं, तसा एक म्हातारा समजावणीच्या सुरात म्हणाला, "अगं बाई, एवढा जागता नाग जिची राखण करतो, तिचं पाणी म्हणजे तीर्थच की."

पद्मलाने त्यांना खरं काय ते सांगितलं. माणसं घाबरून वैद्याकडे पळाली. ती मात्र तिथेच उभी राहिली. आयुष्यभर ज्या हाताचं कौतुक ऐकलं, त्याच हाताने आज माणसांना विहिरीकडे बोलावलं होतं.

तेवढ्यात एक परमुलखाची बाई आली. कडेवर मूल, हातात घडा. पद्मला म्हणाली, "हे पाणी घेऊ नका." त्या बाईला भाषा कळेना. ती हसली, घडा भरला आणि मुलाच्या तोंडाशी नेऊ लागली. पद्मलाने झटकन घडा काढून घेतला आणि विहिरीच्या काठावर पालथा घातला.

बाईने घड्याकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं. मग मुलाला छातीशी धरून ती मागे फिरली. एकही शब्द लागला नाही.

पद्मलाने पदर पाण्यात बुडवला आणि आपला नाग पुसून टाकला. त्या जागी चुन्याच्या पांढऱ्यावर गेरूने एक पालथा घडा काढला.

चित्रशाळेतला वडीलधारा कलावंत भोजाजी ते पाहून नाराज झाला. "बाई, असलं चित्र तर कुणीही काढील."

"कुणालाही काढता आलं पाहिजे, भोजाजी. विहिरी ढीगभर आहेत. आपले हात पुरायचे नाहीत."

पण साधं काढणंही सोपं नव्हतं. एका धनगराने त्या घड्याकडे पाहून विचारलं, "इथे देऊळ कुठे आहे?" त्याला ती घंटा वाटली होती. मग सगळी चित्रशाळा कामाला लागली. भोजाजीने घड्याचा गळा आवळला आणि काठ रुंद केला. अक्षरं वळवणाऱ्या मुक्ताबाईने तोंडातून गळणारे थेंब दाखवले. रस्त्यावरच्या येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून विचारायचं, पुसायचं, पुन्हा काढायचं. अखेर परका माणूसही न अडखळता ओळखू लागला. मग चांगल्या विहिरींवर उभा घडा आणि वाईट विहिरींवर पालथा, अशी खूण राज्यभर गेली. गावोगावची माणसं गेरू घेऊन ती आपापल्या हातांनी काढू लागली.

दसरा तोंडावर आला. भिंत तशीच आहे हे राजाला दौऱ्यात कळलं आणि तो संतापून घोड्यावर निघाला. वाटेत तहान लागली. विहिरीचा दोर हाती घेतला, तोच पालथा घडा दिसला. त्याने दोर सोडला. पुढच्या विहिरीवर उभा घडा होता, तिथे तो पोटभर प्यायला. पिता पिता मधेच थांबला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी कळलं होतं.

पद्मला त्याला एका विहिरीच्या काठावर भेटली. हात चुन्याने माखलेले.

"महाराज, भिंत अपुरी राहिली," ती म्हणाली. "दोष माझा आहे. माझ्या माणसांना बोल लावू नका."

"ही खूण कुणाची?"

"चित्रशाळेची."

"तो नाग काढणाऱ्या हातांनी हा घडा काढला? वाईट नाही वाटलं?"

"नाग पुसताना वाटलं, महाराज. पण लोक त्या नागाला हात जोडत होते आणि तेच पाणी पीत होते."

राजाचा राग कुठल्या कुठे गेला. त्याने घोड्यावरून उतरून तिला नमस्कार केला.

दसऱ्याला पाहुणे आले. त्यांतला एक राजा म्हणाला, "आमचे तांडे तुमच्या मुलखातून सुखरूप परतले. त्यांना तुमची भाषा येत नाही, तरी त्यांचा एकही माणूस दगावला नाही. ती खूण करणारे कलावंत मला पाहायचे आहेत."

राजाने सगळी चित्रशाळा दरबारात बोलावली. रंग कालवणाऱ्यापर्यंत प्रत्येकाचं नाव भालदाराने खणखणीत आवाजात पुकारलं, आणि प्रत्येक नावाला भरला दरबार उभा राहिला. भोजाजीचं नाव आलं तेव्हा तो डोळे पुसू लागला. पद्मला ताठ मानेने उभी होती. ही माझी माणसं, एवढंच तिच्या मनात होतं.

पाहुण्यांनी ती खूण आपापल्या राज्यात नेली. पुढे कितीतरी मुलखांत तहानलेली माणसं घडा पाहून पाणी पीत किंवा पुढे चालू लागत.

बोध: लोकांचं भलं व्हावं म्हणून जो आपली कला साधी करतो, त्याच्या कलेचा मान सगळ्यात मोठा.