वाढत्या अंगाचा परकर

फार पूर्वी, गावाची शाळा, गावाचं देऊळ आणि गावातल्या सगळ्या शेळ्या एकाच टेकडीवर नांदत, तेव्हाची ही गोष्ट. टेकडीच्या पायथ्याशी एक शिंपीण राहत असे. तिचा नवरा गाडीवान होता आणि त्यांना एकुलती एक लेक होती.

लेक मोठी चौकस. सकाळी डोळे उघडले की तिचे प्रश्न सुरू. मुंग्या रांग का मोडत नाहीत? सावली पाण्यात पडली तर ओली का होत नाही? शिंपीण सुईत दोरा ओवता ओवता म्हणे, "दमले गं बाई मी उत्तरं देऊन." पण खरं सांगायचं तर त्या बडबडीशिवाय तिचा हात चालत नसे.

त्या गावात एक रीत होती. मुलगी टेकडीवरच्या शाळेत जाऊ लागली की तिला वाढत्या अंगाचा परकर शिवायचा. खालच्या काठाला आतून दुमडी घालायच्या आणि दर वर्षी शाळा उघडताना आईनं त्यातली एक उसवायची. चार वर्षांची शाळा, चार दुमडी.

लेकीचं शाळेतलं पहिलं वर्ष संपून सुट्टी लागताना गुरुजींनी आईबापांना बोलावून घेतलं. म्हणाले, "तुमची मुलगी फार हुशार आहे. वर्गाचा धडा अर्धा होतो तोवर तिचा संपलेला असतो. मग ती शेळ्या मोजत बसते. तिला मोठ्या मुलांच्या ओसरीवर बसवू या का? उरलेली शाळा निम्म्या वेळात होईल. विचार करून सांगा."

गाडीवानाला विचार करायची गरजच वाटली नाही. घरी पोचेपर्यंत त्यानं वाटेत भेटेल त्याला बातमी दिली. शिंपीण मात्र मागं रेंगाळत चालली. लवकर शिकली म्हणजे पुढं शिकायला लवकर शहरात जाणार आणि घर सुनं होणार, हे तिला आत्ताच दिसू लागलं होतं. पण ती एवढंच म्हणाली, "लहान आहे अजून. इतकी कसली घाई?"

"घाई कुठली? तिची कुवतच आहे तेवढी," गाडीवान म्हणाला.

"असेल. पण सगळ्यांचं होतं तसंच तिचंही रीतीनं होऊ दे."

लेक दारात उभी राहून एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघत होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

शाळा उघडायच्या दिवशी शिंपीण शिवलेले कपडे पोचवायला गेली. तेवढ्यात गाडीवानानं कात्री घेतली आणि परकराच्या उरलेल्या सगळ्या दुमडी उसवून टाकल्या. "मोठ्यांत बसायचं तर मोठं दिसायला नको?" तो कौतुकानं म्हणाला. लेक एका हातात परकर आणि दुसऱ्या हातात पाटी धरून टेकडी चढू लागली. मधल्या पायरीवर परकर पायात आला, ती पडली, पाटी फुटली आणि गुडघाही फुटला.

शिंपीण संतापली. तिनं नवऱ्याशी अबोला धरला, लेकीला मैत्रिणींच्याच वर्गात बसवलं आणि दुमडी पुन्हा घातल्या. रीतीप्रमाणे एकच तेवढी सोडली. बाकीच्या तिनं अशा पक्क्या शिवल्या की कुणाची कात्री चालू नये.

पण त्या वर्षी पोरीनं भराभर उंची घेतली होती. परकर पोटऱ्यांवर आला. वर्गात मुली हसल्या, म्हणून ती सारखी परकर खाली ओढत बसे. धडाही तिला आधीच पाठ असलेला. हळूहळू तिचे प्रश्न बंद झाले. शिंपिणीला आधी वाटलं, पोर शहाणी झाली. मग एका संध्याकाळी मुंग्यांची रांग लेकीच्या पायाजवळून गेली आणि तिनं मान वळवूनही पाहिलं नाही. तेव्हा शिंपिणीनं हातातली सुई खाली ठेवली.

तेवढ्यात शेजारीण कापड घेऊन आली. "नातीचा परकर शिवायचाय. ती खेळायला गेलीय, अंदाजानंच बेतून दे."

"छे," शिंपीण सवयीनं म्हणाली, "पोर समोर उभी राहिल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही."

बोलली आणि तिची तिलाच लाज वाटली. साऱ्या गावाच्या मुलींची मापं ती घेई आणि आपल्या लेकीचं घ्यायचं तेवढं राहिलं होतं. बापानं आपल्या हौसेनं परकर लांब केला होता आणि तिनं आपल्या भीतीनं आखूड.

तिनं लेकीला पाटावर उभं केलं आणि स्वतः खाली बसली. गाडीवानही जवळ येऊन बसला.

"कुठवर हवा गं तुला?"

"घोट्याच्या जरा वर. म्हणजे पळता येतं."

"आणि शाळा?"

लेक म्हणाली, "मला मोठ्यांची गणितं हवीत, आई. ती सोडवताना भूकसुद्धा आठवत नाही. पण खेळायला माझ्याच मैत्रिणी हव्यात. आणि सगळंच भराभर झालं तर मी प्रश्न कधी विचारायचे?" मग तिनं हळूच विचारलं, "मी लवकर शिकले तर तू रडशील ना?"

"रडेन की. आई आहे, रडणारच," शिंपीण म्हणाली. "पण माझं रडणं मी बघीन. त्यासाठी तू आखूड परकर घालायचा नाहीस."

गाडीवानानं लेकीच्या गुडघ्यावरच्या व्रणावरून बोट फिरवलं. "मीही तुला विचारलं नाही गं पोरी," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिघंही गुरुजींकडे गेली. ठरलं असं, की सकाळी गणिताला मोठ्यांची ओसरी आणि बाकी सगळ्याला आपला वर्ग. जमेल तसं पुढं जायचं आणि दमली तर थांबायचं. शिंपिणीनं परकराच्या दुमडी घातल्या त्या या वेळी कच्च्या टाक्यानं, दोरा ओढला की एकेक सुटेल अशा.

पुढं कधी एका वर्षात दोनदा दोरा ओढावा लागला, कधी वर्षभर तसाच राहिला. गाडीवानानं गावभर सांगितलं होतं तितक्या लवकर लेकीची शाळा संपली नाही, पण मैत्रिणींच्या आधी संपली. शहरात निघाली तेव्हा शिंपीण दारात उभी राहून रडलीच. बापाची गाडी वळणावर गेली तशी लेकीनं मागं वळून ओरडून विचारलं, "आई, आपण पुढं निघालो की झाडं मागं का जातात?"

शिंपिणीनं पदरानं डोळे पुसले. "मला कुठलं ठाऊक?" ती हसून म्हणाली. "शिकून ये आणि मला सांग."

तात्पर्य: मुलानं किती वेगानं शिकायचं हे त्याच्याकडे बघून आणि त्याला विचारून ठरवावं, आपली हौस किंवा आपली भीती त्याच्या मापाची नसते.