अंगणाच्या टोकाचे घटिकापात्र

एका गावात, ते नदीच्या अलीकडे होते की पलीकडे हे आता खात्रीने सांगवत नाही, केदार नावाचा एक जोशी राहत होता. गाव चुकले असेल तर चुकले. माणसाचे जे झाले ते मात्र असेच झाले.

केदारचे काम बसून करायचे होते. सकाळी पाटावर मांडी घालायची आणि धूळपाटी पुढ्यात ओढायची. धूळपाटी म्हणजे बारीक धूळ पसरलेली लाकडी फळी. तिच्यावर काडीने आकडे मांडून चंद्रसूर्याचे गणित करायचे. पुढचा आकडा मिळाला की मागचा पुसायचा आणि शेवटी हाती येईल तेवढेच कागदावर उतरवायचे. त्यातून वर्षाचे पंचांग तयार होई. साऱ्या मुलखातली लग्ने, पेरण्या आणि उपासतापास त्या पंचांगावर चालत.

हे काम त्याला मोरेश्वरशास्त्री या त्याच्या गुरूंकडून मिळाले होते. शास्त्रीबुवांना मूलबाळ नव्हते. जाताना त्यांनी घर केदारच्या हवाली केले आणि एकच नियम सांगितला. अंगणाच्या टोकाला बकुळीखाली पाण्याने भरलेले घंगाळ होते. त्यात घटिकापात्र, म्हणजे बुडाला भोक असलेली तांब्याची वाटी, तरंगत असे. भोकातून पाणी वर चढे, वाटी भरे आणि तळाशी जाऊन टण्णकन आपटे. की घटका संपली. नियम असा, की हा आवाज आला म्हणजे गणित करणाऱ्याने स्वतः उठायचे, अंगण ओलांडायचे, वाटी रिकामी करून पुन्हा पाण्यावर सोडायची आणि मगच पाटीपाशी परतायचे. दुसऱ्या कोणी वाटीला हात लावायचा नाही.

शास्त्रीबुवांनी हे शेवटपर्यंत पाळले. परतताना ते समोरच्या डोंगराकडे बघत क्षणभर उभे राहत. लग्नघरचे लोक मुहूर्तासाठी ती वाटी मागायला येत, तेव्हा मात्र ते "दुसरीकडून आणा" म्हणून परत पाठवत. लोक म्हणत, शास्त्री विद्वान खरे, पण वाटीच्या बाबतीत भारी चिक्कू.

एका दसऱ्याला राजाचा निरोप आला. येत्या पाडव्याला पुढच्या बारा वर्षांचे पंचांग दरबारात वाचायचे. ते झाले तर पंचांगाचा मान शास्त्रीबुवांच्या घराकडे राहील, नाही तर दुसरा जोशी शोधला जाईल.

मान एकट्या केदारचा असता तर गोष्ट वेगळी. तो गुरूंचा होता, आणि आपल्या हातून तो जाणार की काय, या धास्तीने तो पाटीवर वाकला तो वाकलाच.

आधी त्याने घंगाळ उचलून पाटाशेजारी आणले. चार पावले कशाला वाया घालवा? मग वाटी सोडायचे काम बायकोवर, मथुरेवर टाकले.

"शास्त्रीबुवा स्वतः जायचे," मथुरा म्हणाली.

"शास्त्रीबुवांना बारा वर्षं नव्हती करायची. आणि गणिताला वाटी लागतेच कुठे? तिथी आकड्यांतून निघते, पाण्यातून नाही."

हे खरेच होते. तेव्हा थोड्या दिवसांनी घंगाळ कोनाड्यात उपडे पडले. जेवणाचे ताट पाटीशेजारी निवू लागले. केदारची मान ताठरली. बोटांना मुंग्या येत, डोळ्यांपुढे आकडे पोहत. मथुरेने काही विचारले की तो खेकसे. पण कागदांचा गठ्ठा वाढत होता. नऊ वर्षे हातावेगळी झाली होती आणि त्या गठ्ठ्याकडे पाहिले की त्याला बरे वाटे.

माघातल्या एका दिवशी, दिवेलागणीच्या सुमारास, मथुरा उंबऱ्यात आली.

"अहो, आज तिथी कोणती?"

"त्रयोदशी," केदार मान वर न करता म्हणाला.

"नक्की?"

"अगं, जोशाला तिथी विचारतेस आणि वर नक्की म्हणतेस? आकडे खोटं बोलत नाहीत."

"मग चंद्र बोलत असेल," मथुरा म्हणाली. "बाहेर येऊन तुम्हीच त्याला रागवा."

केदार उठायला गेला आणि त्याचे गुडघे सरळ होईनात. भिंत धरून, मग मथुरेचा खांदा धरून, तो अंगणात आला. पश्चिमेला सूर्य बुडत होता आणि समोर डोंगरावर पुरता वाटोळा चंद्र नुकता वर येत होता. त्रयोदशीला असे होत नाही, हे गुराख्यांनाही कळते. ती माघी पौर्णिमा होती.

दोन दिवस कुठेतरी गळाले होते. कुठे, ते शोधणार कसे? धुळीवरचे आकडे कधीच पुसले गेले होते. सारी नऊ वर्षे त्याच चुकलेल्या पायावर उभी होती. साऱ्या मुलखाच्या तिथी सांगणाऱ्या माणसाला आपल्या अंगणात आज कोणता दिवस आहे, हे ठाऊक नव्हते.

केदार बकुळीच्या पारावर बसला. पाडवा दीड महिन्यावर होता. मनात पहिला विचार आला तो हाच, की आता झोप सोडायची, जेवण सोडायचे आणि दुप्पट बसायचे. तो तसे बोललाही.

"बसा की," मथुरा म्हणाली. "एवढं बसून दोन दिवस हरवलेत. दुप्पट बसलात तर चार हरवतील. हिशेब तुमचाच आहे."

केदार पारावरून उठला. मग लंगडत आत गेला, कोनाड्यातले घंगाळ दोन्ही हातांनी उचलले आणि होते तिथे, बकुळीखाली, आणून ठेवले. त्यात पाणी भरले. वाटी स्वतः सोडली. नऊ वर्षांचे कागद चुलीत गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्याने नियम धरला. आवाज झाला की उठायचे, आकडा अर्धा असला तरी. पहिले काही दिवस फार जड गेले. उत्तर आता येईल, एवढे झाले की उठू, असे मन विनवी. तो मनाला म्हणे, "उत्तर पळून जाणार नाही. गेलंच तर ते माझं नव्हतं." अंगण ओलांडायचे, वाटी सोडायची, डोंगरावर डोळे टेकवायचे, परत यायचे. कितीदा असे झाले, की परतून बसताना पाटीवरची चूक आपोआप डोळ्यांत भरली. जेवण ताट गरम असताना होऊ लागले. खेकसणे कमी झाले. अगदी गेले असे नाही.

एकदा राजाचा कारकून बाळाजी चौकशीला आला. केदार बकुळीखाली उभा राहून डोंगर बघत होता.

"काय जोशीबुवा, पाडवा तोंडावर आला आणि आपण हवा खाताय?"

"खातोय खरा."

"राजानं विचारलं तर काय सांगू?"

"सांगा, जोशी उभा होता. आडवा नव्हता."

बाळाजी मान हलवत निघून गेला. गावात बातमी पसरली की जोशाने हाय खाल्ली, आता तो नुसता फेऱ्या मारतो. केदारच्या कानांवर ते आले. रात्री त्याला वाटे, लोक बरोबर असतील तर? सकाळी वाटी बुडाली की तो तरीही उठे.

पाडव्याला तो दरबारात उभा राहिला, तेव्हा त्याच्या हातात पाच वर्षांचे पंचांग होते.

"बारा सांगितली होती," राजा म्हणाला.

"होय महाराज. नऊ झाली होती, पण ती चुकीची होती. चुलीत घातली."

"आणि ही बरोबर कशावरून?"

"चैत्री पौर्णिमेला ग्रहण लिहिलंय. दिवेलागणीनंतर, चंद्र समोरच्या झाडांच्या वर आला की लागेल. महाराजांनी गच्चीवर यावं. चुकलं तर मान दुसऱ्या घरी द्यावा, मी स्वतः तो पोचवून येईन."

पौर्णिमेला राजा गच्चीवर आला. केदार मागे उभा होता. चंद्र झाडांच्या वर आला आणि त्याची कड काळवंडू लागली. राजाने ती सावली पुरती सरकू दिली, मग मागे वळून विचारले, "उरलेली सात कधी?"

"चालता चालता जेवढी होतील तेवढी, महाराज. पुढच्या पाडव्याला आणतो."

राजा हसला. मान त्या घरातच राहिला. शिवाय राजाने केदारला राजवाड्यातले चांदीचे घटिकापात्र भेट दिले. केदारने ते फडताळात जपून ठेवले आणि रोज उठायला गुरूंचीच वाटी वापरली.

पुष्कळ वर्षांनी, केस पांढरे झाल्यावर, एकदा सहज त्याने दोन्ही वाट्या एकाच वेळी पाण्यावर सोडल्या. गुरूंची केव्हाच टण्णकन तळाशी गेली. चांदीची अजून डुलत होती. केदारला वाटले, राजवाड्याची वाटी खोटी असावी. मग वाटले, आपलेच काही चुकले असेल. त्याने उन्हात काठी रोवून सावलीवरून दोन्ही पुन्हा पुन्हा ताडून पाहिल्या. चांदीची बरोबर होती. गुरूंच्या वाटीची पाऊण घटकाही भरत नव्हती. त्याने ती उपडी करून डोळ्यांजवळ धरली. भोकाच्या कडेला कानशीचे बारीक, जुने ओरखडे होते. शास्त्रीबुवांनी ते भोक मुद्दाम मोठे केले होते. म्हणून ती वाटी ते लग्नघरी देत नसत. ती वेळ मोजायला नव्हतीच. ती माणसाला उठवायला होती.

तात्पर्य: बसून बुद्धीचे काम करणाऱ्याने वेळेवर उठणे हा कामातला खंड नव्हे, कामाचाच भाग आहे, शरीर वाकले की गणितही वाकते, म्हणून काम कितीही मोठे असो, उठायचा नियम मोडू नये.