सुई शिरणार नाही अशी जमीन

"पण महाराज, लाकूड उठून बसलंच कसं?"

टिपरेसाहेब घामाघूम झाले होते. मठाच्या पायऱ्या चढतानाही त्यांचं बोलणं थांबलं नव्हतं.

निरंजनमहाराज ओसरीवर शेंगा सोलत होते.

"कसलं लाकूड?"

"दिवाणखान्यातलं. अस्सल सागवानी जमीन केलीय मी. वखारीत जाऊन एकेक फळी स्वतः निवडली. भर उन्हाळ्यात बसवून घेतली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ठोकून घट्ट! कुठे सुई शिरणार नाही."

"पुसता कशी?"

"दोन्ही वेळा. बादलीभर पाण्याने."

महाराजांनी डोळे मिटले.

"मग पाऊस लागला," टिपरेसाहेब म्हणाले, "आणि मधोमध उंचवटा आला. म्हैस बसल्यासारखा. काल शालनला बघायला मंडळी आली होती. मुलाचे वडील त्या म्हशीला अडखळले. हातातला चहा थेट मुलाच्या आईच्या पैठणीवर..."

"मग?"

"कळवतो म्हणाले. महाराज, जमिनीपायी पोरीचं लग्न मोडायची वेळ आली! लाकडाला माझ्या घरात काय कमी होतं?"

...

महाराज उठले. भिंत आणि खांब यांच्यामध्ये एक बाकडं होतं.

"बसा."

टिपरेसाहेब बसले. महाराजांनी हाक मारली तसे भिकोबा आणि रंगनाथ आले. मठातले सगळ्यात दांडगे शिष्य. एक डावीकडे बसला, एक उजवीकडे.

"सरका अजून. सुई शिरायला नको."

दोघे सरकले. टिपरेसाहेबांचे खांदे कानाला लागले.

"आता एक मोठा श्वास घ्या."

"महाराज, हे काय..."

"घ्या."

टिपरेसाहेबांनी छाती भरून श्वास घेतला. आणि सटकन वर उडाले. चष्मा एकीकडे, टोपी दुसरीकडे. भिकोबाला हसू आवरेना.

"का उठलात?" महाराजांनी विचारलं.

"फुगायला जागा कुठे होती!"

महाराज पुन्हा शेंगांपाशी जाऊन बसले.

...

टिपरेसाहेबांनी एकदा बाकड्याकडे बघितलं, एकदा भिंतीकडे. मग चष्मा उचलून, नमस्कारही न करता, धावत सुटले.

त्यांनी भिंतीकडच्या फळ्या काढून, भिंतीलगत बोटभर फट राहील अशा कापून घेतल्या. फटीवर दिसायला बरी म्हणून पट्टी मारली. बादली माळ्यावर टाकली आणि कोरडं फडकं काढलं. हळूहळू उंचवटा खाली बसला. दरम्यान शालनने स्वतःच मुलाला फोन करून आईसाहेबांच्या पैठणीची चौकशी केली. तिकडून होकार आला.

साखरपुड्याला महाराजही आले. सगळे त्याच जमिनीवर बसले होते. टिपरेसाहेब उभे राहिले.

"मंडळी, महाराजांनी मला एका शब्दाचाही उपदेश केला नाही. पण त्या दिवशी मला कळलं. ही जमीन म्हणजे आपला संसार. त्या फळ्या म्हणजे आपण जीव. आणि भिंत म्हणजे अहंकार! ती बोटभर फट म्हणजेच ईश्वर!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मुलाच्या आईने डोळ्यांना पदर लावला.

टिपरेसाहेब हात जोडून महाराजांकडे वळले. "बरोबर ना, महाराज?"

महाराजांनी तोंडातला पेढा संपवला.

"मी लाकडाचं बोलत होतो."